रांग न दिसलेला व्हिडिओ : लातूर जिल्ह्यातील एका थीम पार्क व्लॉगरचे आणि त्याच्या प्रेक्षकांचे प्रकरण

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत मोठे थीम पार्क नाही. काही शहरांच्या लगत वॉटर पार्क झाली आहेत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे गर्दीही होते. परंतु उंच रोलर कोस्टर किंवा अंधाऱ्या दालनांतून एखादी कथा उलगडत नेणारी राइड अनुभवायची असेल, तर लातूर-धाराशिवच्या कुटुंबाला २०१३ साली खोपोलीजवळ सुरू झालेल्या इमॅजिकापर्यंत सुमारे ४०० किलोमीटर जावे लागते, आणि नांदेड, उदगीर, देगलूरकडची माणसे २०१६ पासून सुरू असलेल्या हैदराबादच्या वंडरलाची किंवा रामोजी फिल्म सिटीची वाट धरतात. कुठेही गेले तरी रात्रीचा प्रवास, एखादा मुक्काम, माणशी प्रवेशाचे तिकीट आणि आतले खाणेपिणे हा खर्च ठरलेला असतो. बहुतेक घरांत तो वर्षातून एकदा होतो आणि अनेक घरांत लेकरे लहान असताना एकदाच होतो. पुढे मांडलेल्या प्रकरणात एका व्लॉगरचा व्हिडिओ पाहून सहलीला गेलेली माणसे एवढी का दुखावली, याचे निम्मे उत्तर या अंतरात आणि या खर्चात आहे.

उरलेले उत्तर तिकिटाच्या पद्धतीत आहे. लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत किंवा लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत पाळण्यासमोर उभा राहिलेला माणूस आधी पाळणा पाहतो. तो किती वेगाने फिरतो, उतरणाऱ्यांचे चेहरे कसे आहेत, रांगेत किती जण आहेत हे पाहतो आणि मगच खिशात हात घालतो. थीम पार्कमध्ये हा क्रम उलटा आहे. तिथे दाराशीच संपूर्ण दिवसाचे पैसे भरायचे आणि आत काय आहे ते नंतर पाहायचे. अमेरिकेतील डिस्नेलँड १९५५ साली सुरू झाले, त्यानंतर कित्येक वर्षे तिथेही निरनिराळ्या राइडसाठी निरनिराळ्या दर्जाची तिकिटे असत. १९८२ साली ती पद्धत बंद होऊन सर्वांसाठी एकच प्रवेशशुल्क आले, आणि भारतातील मोठी उद्यानेही आज प्रामुख्याने त्याच रीतीने चालतात. पैसे आधी आणि पाहणे नंतर असल्यामुळे आपल्या वतीने कोणीतरी आत जाऊन, नीट पाहून आलेले असावे, अशी गरज घरोघरी निर्माण होते. मराठीत बोलणाऱ्या थीम पार्क व्लॉगरना जे प्रेम मिळाले, ते या गरजेतून मिळाले.

दादा आणि मंडळी

या प्रकरणातील व्लॉगर लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावचा, शिक्षणाने अभियंता. त्याचे, त्याच्या यूट्यूब वाहिनीचे आणि संबंधित उद्यानाचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण एका माणसाला दोषी ठरवावे असा या लेखाचा हेतू नाही. मी लातुरात कौटुंबिक सहलींचे नियोजन करतो. त्या कामामुळे त्याचे व्हिडिओ मी सुरुवातीपासून पाहत आलो आहे आणि या वादात दोन्ही बाजूंच्या माणसांशी मला सविस्तर बोलता आले.

त्याच्या सुरुवातीच्या व्हिडिओंची गुणवत्ता आजही मान्य करावी लागते. तो स्वतःचे तिकीट काढून जाई. दारावर तपासणीत घरचा डबा बाहेर ठेवावा लागला, तर ते दाखवी. सामान ठेवण्याच्या लॉकरचे भाडे किती आणि अनामत किती, हे सांगे. पाण्याच्या राइडवर सुती कपडे, साडी किंवा ओढणी चालत नाही, नायलॉनचा पोशाख लागतो आणि तो आत विकत वा भाड्याने घेण्यापेक्षा गावातूनच नेलेला बरा, हे तो घरातल्या बायकांना उद्देशून मावशी, वहिनी अशा हाका मारत समजावून सांगे. उंचीच्या पट्टीपाशी तो आपल्या भाच्याला उभा करी, म्हणजे कोणत्या वयाची लेकरे कोणत्या राइडवरून परत पाठवली जातील याचा घरबसल्या अंदाज येई. रांगेत उभे राहिल्यावर तो मनगटावरचे घड्याळ कॅमेऱ्यासमोर धरी आणि राइडवर बसताना पुन्हा धरी. एवढ्या साध्या कृतीवर लोकांचा विश्वास बसला होता.

वॉटर पार्कवरच्या त्याच्या एका व्हिडिओचा उल्लेख इथे करायलाच हवा. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावे लागले, त्या लातूरच्या प्रेक्षकाला लाटा उसळणारा हौद पाहून पहिला प्रश्न पडतो तो हे पाणी येते कुठून हाच. त्याने तो प्रश्न टाळला नाही. हौदातील पाणी रोज फेकून दिले जात नाही, ते पंपाने ओढून वाळूच्या गाळण्यांतून गाळले जाते, त्यात जंतुनाशक मिसळून ते पुन्हा हौदात सोडले जाते, आणि बाष्पीभवन, अंगावरून सांडणारे पाणी व गाळण्या धुण्यासाठी लागणारे पाणी एवढीच तूट वरचेवर भरून काढावी लागते, हे त्याने सोप्या शब्दांत सांगितले. आपल्या माणसांच्या मनात काय चालले आहे हे त्याला तेव्हा न सांगता कळत होते, आणि पुढे नेमके हेच हरवले असे माझे मत आहे.

त्याचा प्रेक्षक एकजिनसी नव्हता. पहिला वर्ग सहलीला निघणाऱ्या कुटुंबांचा. दुसरा शौकिनांचा, त्यांत लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर येथील अभियांत्रिकीचे विद्यार्थी बरेच. इमॅजिकातील नायट्रो ही स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार कंपनीने बनवलेली, पायांखाली फळी नसलेली रोलर कोस्टर आहे. गाडीला स्वतःचे इंजिन नसते, साखळी तिला उंचावर ओढून नेते आणि पुढचा सगळा खेळ गुरुत्वाकर्षणाचा असतो. असे काही सांगितले की ही मुले खूश होत.

तिसरा वर्ग आकडेवारीत कधी दिसत नाही, म्हणून त्याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. ही माणसे कधीच कुठे जाणार नाहीत. कोणाचे गुडघे साथ देत नाहीत, कोणाची शेतीची देणी फिटत नाहीत, कोणाच्या घरी अंथरुणावर पडलेले माणूस आहे. अहमदपूरकडील एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी रात्री जेवण झाल्यावर दूरदर्शनच्या संचावर त्याचे व्हिडिओ लावत. त्यांच्यासाठी तो व्हिडिओ सहलीची पूर्वतयारी नव्हता, ती सहलच होती. गुरुजींनी मला सांगितले, "आम्हाला तो बोललेला चालतो, पण राइड सुरू झाली की त्यानं गप्प बसावं आणि आम्हाला खिडकीतून बघू द्यावं." या तीन वर्गांच्या तक्रारी पुढे वेगवेगळ्या निघाल्या, आणि त्यांचे मूळ मात्र एक निघाले.

बदल कसा झाला

बदल एका दिवसात झाला नाही. वाहिनी मोठी झाली तशी उद्यानांची आमंत्रणे येऊ लागली. नवी राइड सुरू होण्याआधी पत्रकार, व्लॉगर आणि मान्यवरांना बोलावण्याची प्रथा जगभर आहे. अशा दिवशी प्रवेश, जेवण आणि बहुधा मुक्कामही यजमानांकडे असतो, सोबत उद्यानाचा कर्मचारी असतो, आणि सकाळी दरवाजे उघडण्यापूर्वीच्या मोकळ्या वेळेत चित्रीकरण उरकले जाते. त्याचे म्हणणे असे, की मराठी व्हिडिओवर जाहिरातींतून जे उत्पन्न येते त्यात गाडीभाडे, तिकीट, मुक्काम आणि कॅमेऱ्याचा हप्ता भागत नाही, त्यामुळे आमंत्रण नाकारणे त्याला परवडत नव्हते. या म्हणण्यात मला तथ्य वाटते. मोफत पाहून मोफतच प्रेम करणाऱ्या प्रेक्षकाने हा हिशेब कधी मांडून पाहिला नव्हता.

त्याबरोबर व्हिडिओंची घडण बदलली. यूट्यूबने २०२० पासून आठ मिनिटांहून मोठ्या व्हिडिओंच्या मध्ये जाहिराती ठेवण्याची मुभा दिली आहे. पूर्वी ही मर्यादा दहा मिनिटांची होती. म्हणून लांबी वाढवण्याचा मोह प्रत्येक व्लॉगरला होतो. याच्या व्हिडिओत आधी घरातून निघणे, मग ढाब्यावरचे जेवण, मग हॉटेलची खोली आणि अर्धा वेळ सरल्यावर उद्यानाचे दार दिसू लागले. प्रत्येक राइड देशातली सर्वांत भयानक ठरू लागली. शीर्षकात अपघात, धक्का, भीती असे शब्द येऊ लागले आणि आत तसे काही नसे. अंधाऱ्या राइडचा शेवट, जो बसणाऱ्याला अनपेक्षित वाटावा म्हणून कारागिरांनी जिवापाड जपलेला असतो, तो व्हिडिओच्या पहिल्या मिनिटातच दाखवला जाऊ लागला. कॅमेरा राइडकडून त्याच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे वळला. शौकीन मुले यावर सर्वाधिक चिडली. गुरुजींनी काही न बोलता पाहणे कमी केले.

एक तक्रार या सगळ्यांहून गंभीर होती आणि ती परभणीच्या एका महिला प्रेक्षकाने केली. वॉटर पार्कच्या व्हिडिओंत मागे पाण्यात खेळणाऱ्या अनोळखी बायका आणि लहान मुली स्पष्ट दिसत होत्या. त्यांना कोणी विचारले नव्हते. या तक्रारीला त्याने तत्काळ मान दिला, जुने व्हिडिओ काढून चेहरे पुसट करून पुन्हा टाकले आणि पुढे हौदाच्या काठावर चित्रीकरण करणे थांबवले. या बाबतीत त्याचे वागणे निर्दोष होते, हे नोंदवणे आवश्यक आहे.

मे महिन्यातील रविवार

वाद पेटला तो एका सहलीनंतर. त्याने एका मोठ्या उद्यानातील नव्या रोलर कोस्टरचा व्हिडिओ टाकला होता. तो पाहून औसा आणि निलंगा परिसरातील चार-पाच कुटुंबांनी मिळून टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली. सुट्टीचा काळ, रविवारचा दिवस. रात्री जेवून निघालेली माणसे सकाळी उद्यानाच्या दारात पोहोचली तेव्हा तिकीट खिडकीवरच मोठी गर्दी होती. व्हिडिओत व्लॉगर त्या रोलर कोस्टरवर सलग दोनदा बसलेला दिसत होता. इथे रांगेचे पहिले वळण दिसण्याआधीच दुपार झाली. तासाभराने तांत्रिक कारणासाठी राइड थांबवण्यात आली, मग एकच गाडी चालू ठेवून ती पुन्हा सुरू झाली. चौथी-पाचवीतली दोन लेकरे एवढा वेळ उभी राहून पट्टीपाशी पोहोचली आणि उंची कमी भरल्यामुळे मागे फिरली. एका मुलाने व्हिडिओत दादाच्या हातात कॅमेरा पाहिला होता, म्हणून त्याने मोबाइल हातात धरला होता. तो त्याला ठेवून यायला सांगण्यात आले. हे योग्यच होते, कारण एवढ्या वेगात हातातून सुटलेली वस्तू खाली उभ्या असलेल्या माणसाचा जीव घेऊ शकते, आणि व्लॉगरला मिळालेली परवानगी ही वेगळ्या दिवसाची, वेगळ्या व्यवस्थेतील होती. पण मुलाला ते कोण सांगणार होते? सोबतच्या आजींची साडी पाण्याच्या भागात चालली नाही आणि त्या दिवसभर झाडाखालच्या बाकावर सामान राखत बसल्या.

त्या रांगेतूनच कुटुंबातील एका गृहस्थाने व्लॉगरला ध्वनिसंदेश पाठवला. तो पुढे मला ऐकवण्यात आला. त्यात शिवीगाळ नव्हती. "दादा, आम्ही सकाळपासून रांगेत थांबलोत. तुमच्या व्हिडिओत ही रांग कुठंच नव्हती की हो. लेकरांना काय सांगावं आता?" एवढेच त्यात होते. हा संदेश त्यांच्या नातेवाइकांत आणि प्रेक्षकांच्या गटांत फिरला, आणि ज्यांच्या मनात आधीपासून काहीबाही साठले होते त्या सर्वांना तोंड फुटले. विकला गेला, उद्यानाचा माणूस झाला, गावाला विसरला, असे आरोप झाले. काही जण त्याच्या आईवडिलांपर्यंत गेले. ते निंद्य होते आणि त्याचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही.

त्याचा प्रश्न

दोन दिवसांनी त्याने थेट प्रक्षेपण केले. तो खचलेला दिसत होता, पण त्याने विचारलेला प्रश्न नेमका होता: "मंडळी, मी खोटं काय दाखवलं ते सांगा. राइड आहे का नाही? मी बसलो का नाही? मला मजा आली का नाही?"

या प्रश्नाला त्या रात्री कोणालाही नीट उत्तर देता आले नाही. त्याच्यावर रागावलेल्यांनी पैशांचा मुद्दा काढला, तर त्याने आपण एकही रुपया घेतला नसल्याचे सांगितले, आणि तेही खरे होते. हा वाद प्रामाणिकपणा विरुद्ध लबाडी असा लढला गेला म्हणून तो सुटला नाही. व्हिडिओत खोटे काहीच नव्हते. आमंत्रणाच्या दिवशी गेलेल्या माणसाला रांग भेटतच नाही, आणि जी गोष्ट त्याला भेटली नाही तिची माहिती तो देऊ शकत नाही. लोक समजतात की आमंत्रणाच्या बदल्यात उद्यान स्तुती मागते. स्तुती मागण्याची गरजच पडत नाही. मोकळे उद्यान, ताजेतवाने कर्मचारी, चालू असलेली प्रत्येक राइड आणि सकाळची थंड हवा एवढे मिळाले की कोणीही मनापासून स्तुती करील. व्लॉगरच्या हातून निसटली ती सामान्य दिवसाची ओळख.

रांग म्हणजे नेमके काय, याचा थोडा हिशेब केला तर हे अधिक स्पष्ट होते. एखाद्या रोलर कोस्टरच्या गाडीत २८ जागा आहेत आणि दर तीन मिनिटांनी गाडी सुटते असे धरले, तर तासाला ५६० माणसे बसतात. रांगेत हजार माणसे असतील, तर शेवटच्या माणसाला पावणेदोन तासांहून अधिक थांबावे लागते. दोन गाड्यांपैकी एक दुरुस्तीसाठी काढली आणि सुटण्याचे अंतर पाच मिनिटांवर गेले, तर तासाला ३३६ माणसेच बसतात आणि तीच रांग तीन तासांची होते. रांग टाळण्यासाठी जादा पैशांचे वेगळे तिकीट असेल, तर त्या प्रवेशातून येणारी माणसे याच जागांतून आधी बसतात, म्हणजे साध्या रांगेच्या वाट्याला आणखी कमी जागा येतात. अमेरिकेतील डिस्नेच्या उद्यानांत १९९९ पासून रांग टाळण्याची सोय विनामूल्य होती. २०२१ मध्ये ती गेली आणि तिच्या जागी पैसे भरून घ्यायची सोय आली, तेव्हा तिथल्या चाहत्यांतही मोठी नाराजी पसरली होती. भारतातील उद्यानांतही जलद प्रवेशाची महागडी तिकिटे आता सर्रास दिसतात. आमंत्रित सकाळी राइडवर मोजकी माणसे असतात, त्यामुळे या गणितातला कोणताही आकडा व्लॉगरच्या अनुभवाला शिवत नाही. आणि औशाच्या कुटुंबाचा संपूर्ण दिवस या गणिताने ठरतो.

तिन्ही वर्गांच्या तक्रारींचे मूळ एक आहे असे वर म्हटले, ते या अर्थाने. कुटुंबांना रांग हवी होती, शौकिनांना यंत्र हवे होते, गुरुजींना खिडकीतले दृश्य हवे होते. तिघांनाही उद्यान हवे होते आणि तिघांनाही उद्यानातील पाहुणा दाखवला जात होता.

नियम काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

वादाच्या काळात काही सुशिक्षित प्रेक्षकांनी कायद्याचा आधार घेतला, त्याची दखल घ्यायला हवी. जाहिरात क्षेत्राची स्वयंनियमन संस्था असलेल्या जाहिरात मानक परिषदेने समाजमाध्यमांवरील प्रभावी व्यक्तींनी (इन्फ्लुएन्सर) जाहिरातदाराशी असलेला संबंध उघड करावा यासाठी केलेली मार्गदर्शक तत्त्वे १४ जून २०२१ पासून लागू आहेत. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २० जानेवारी २०२३ रोजी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत हे अधिक स्पष्ट आहे. रोख पैसेच असावेत असे नाही. मोफत प्रवास, मोफत मुक्काम, भेटवस्तू किंवा सवलत मिळाली असेल तरी तो आर्थिक संबंध ठरतो आणि तो उघड करावा लागतो. हे प्रकटीकरण व्हिडिओखालच्या वर्णनात लपवून चालत नाही, ते व्हिडिओतच दिसावे लागते, आणि ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत असावे लागते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २१ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र त्याने दाव्यांची पुरेशी खातरजमा केली असेल तर तो दंडास पात्र ठरत नाही.

आपल्या व्लॉगरने आमंत्रणाचा उल्लेख केला होता, पण तो वर्णनाच्या घडीत, इंग्रजीत, एका ओळीत. मराठी बोलणाऱ्या माणसाने मराठी प्रेक्षकाला हे इंग्रजीत सांगणे नियमाला धरून नव्हते आणि नात्यालाही धरून नव्हते. त्याच्याकडून झालेली निर्विवाद चूक कोणती, असे विचारले तर मी हीच सांगेन.

तथापि ही ओळ मराठीत, ठळक अक्षरांत, व्हिडिओभर दाखवली असती तरी औशाच्या कुटुंबाचा रविवार वाचला नसता. 'उद्यानाच्या आमंत्रणावरून' हे वाचून प्रेक्षक सावध होतो, पण रांग किती असेल हे त्याला त्यातून कळत नाही. नियम प्रेक्षकाला संशय घेण्याचे साधन देतो, माहिती देत नाही. ज्याच्याकडे उद्यानाला पुन्हा जाण्याची संधी आहे त्या मुंबई-पुण्याच्या चाहत्याला कदाचित संशय पुरेसा असेल. मराठवाड्यातून येणाऱ्याला पुरत नाही.

पुढे काय झाले

थेट प्रक्षेपणानंतर काही आठवडे तो गप्प होता. या काळात काही प्रेक्षकांनी त्याला फोन केला; मीही केला. ध्वनिसंदेश पाठवणाऱ्या गृहस्थांनी स्वतःहून त्याची भेट घेतली, हे मला या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे वळण वाटते. ते त्याच्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी त्याच्यासमोर आरोप ठेवले नाहीत; त्या दिवशी कोणत्या वाजता कुठे होतो, कुठे किती थांबलो, जेवणाला किती लागले, कोणते लेकरू कशावर बसू शकले नाही, हे सगळे क्रमाने सांगितले. व्लॉगरने मला नंतर सांगितले की ते ऐकताना त्याला आपले जुने व्हिडिओ आठवले.

त्यानंतर तो सुट्टीतल्या एका रविवारी स्वखर्चाने त्याच उद्यानात गेला. मनगटावरचे घड्याळ पुन्हा कॅमेऱ्यासमोर आले. व्हिडिओत आरडाओरडा नव्हता, राइडवर कॅमेरा नव्हता. राइडचे दृश्य त्याने बाहेर उभे राहून, एकही शब्द न बोलता, पूर्ण फेरीभर दाखवले. उंचीच्या पट्टीजवळ त्याने लेकरांच्या पालकांना आवर्जून थांबवून सांगितले की घरीच भिंतीला उभे करून मोजा आणि उद्यानाच्या संकेतस्थळावरील आकड्याशी ताडून पाहा. अमेरिकेतील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधील स्पेस माउंटन या रोलर कोस्टरसाठी ४४ इंच उंची लागते असे तिथले व्लॉगर व्हिडिओच्या आरंभीच सांगतात, मग आपण का नाही, असे तो म्हणाला. कोणत्या राइड बंद होत्या, याची यादी त्याने शेवटी न ठेवता सुरुवातीला ठेवली. हा व्हिडिओ आमंत्रणाच्या व्हिडिओपेक्षा बराच कमी पाहिला गेला. पुढील नव्या राइडच्या आमंत्रितांत त्याचे नाव नव्हते; त्यामागचे कारण त्याला कोणी कळवले नाही आणि त्यावरून निष्कर्ष काढणे उचित होणार नाही.

इथे प्रेक्षकांना प्रामाणिकपणे एक गोष्ट स्वीकारावी लागते. ज्यांनी सामान्य दिवसाचा व्हिडिओ मागितला, त्यांतल्या अनेकांनी तो पाहिला नाही. भयानक शीर्षकावर बोट पडते आणि घड्याळाच्या व्हिडिओवर पडत नाही, ही सवय व्लॉगरने एकट्याने लावलेली नाही. शौकीन मुलांनी आपापसांत थोडी वर्गणी काढून त्याच्या पुढच्या प्रवासाचे तिकीट काढले, हा एक चांगला अपवाद. पण वर्गणीवर कोणाचा चरितार्थ चालत नाही, आणि ज्याच्या तिकिटाची वर्गणी चाहत्यांनी दिली तो चाहत्यांना न आवडणारे बोलू शकेल का, हाही प्रश्न आहेच. शौकिनांनी आपली आवडती राइड कंटाळवाणी ठरल्यावर त्याला सुनावल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

सध्या त्याने मधला मार्ग धरला आहे. आमंत्रण आले तर तो जातो. त्या व्हिडिओवर आरंभापासून अखेरपर्यंत मराठीत तसे लिहिलेले असते आणि रांगेविषयी आपल्याला काही सांगता येणार नाही, हे तो तोंडानेही सांगतो. वर्षातून निदान एकदा प्रत्येक मोठ्या उद्यानात तिकीट काढून जायचे, असे त्याने ठरवले आहे. उरलेली माहिती तो प्रेक्षकांकडून घेतो. उद्यानात गेलेली कुटुंबे वार, वेळ, राइडचे नाव आणि थांबावे लागलेला वेळ एवढे त्याला ध्वनिसंदेशाने कळवतात आणि तो त्याचे टिपण करून महिन्यातून एकदा वाचून दाखवतो. माझ्याकडून सहलीला गेलेल्या कुटुंबांनाही मी असे संदेश पाठवण्याची विनंती करतो. गुरुजी आणि त्यांच्या पत्नी न बोलता दाखवलेल्या फेऱ्या पाहतात. तसा वेगळा, निव्वळ दृश्यांचा व्हिडिओ तो आता अधूनमधून करतो आणि त्याला जाहिरातीतून जवळजवळ काही मिळत नाही.

या टिपणाची एक उणीव अजून भरून निघालेली नाही. शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवसांचे संदेश भरपूर येतात, कारण नोकरदार आणि शाळकरी लेकरांची कुटुंबे तेव्हाच जातात. मंगळवार-बुधवारची माहिती क्वचित येते. सुगीनंतर हाती थोडा पैसा आणि मोकळा वेळ असलेल्या शेतकरी कुटुंबांना आडवारी जाणे सहज शक्य असते आणि त्यांनाच त्या माहितीचा खरा उपयोग होईल; परंतु त्या घरांतून असे संदेश पाठवणारे अजून थोडे आहेत. निलंगा तालुक्यातील दोन कुटुंबे येत्या डिसेंबरात बुधवारी हैदराबादला जाणार आहेत. त्यांच्याकडून प्रत्येक राइडच्या वेळा लिहून घ्यायचे आम्ही ठरवले आहे.